दर्याची टाळू

आभाळातून बघितलं तर शांत पाणी काळं दिसतं.

सुमती तारी लेकीच्या कचेरीत पहिल्यांदा आली, तेव्हा भिंतीएवढ्या पडद्यावर कवडेबंदरची खाडी काळीभोर पसरली होती. म्हातारीनं पदर तोंडाशी नेला.

"गो बाय, दर्याक काय झाला? कोणाची नजर लागली?"

हर्षाली हसली. "नजर नाय गो आये. निजलो आसा तो."

मग आईला आपल्या खुर्चीत बसवून तिनं सगळं सांगितलं. वर फिरणारा उपग्रह डोळ्यांनी बघत नाही, तो हाक मारतो. रडारची ती हाक ढगांतून, पावसातून, अंधारातून खाली येते आणि पाण्यावर आपटते. वारा असला की पाण्याच्या अंगावर शहारा येतो, बोटांच्या पेरांएवढ्या बारीक लहरी उठतात. त्यांच्यावर आपटून हाक माघारी जाते आणि तेवढी जागा चित्रात उजळते. जेवढा वारा तेवढा शहारा, जेवढा शहारा तेवढा उजेड. वारा पडला की पाण्याचा आरसा होतो. आरशावर तिरपा पडलेला कवडसा पलीकडच्या भिंतीवर जातो ना, तशी ती हाक पलीकडे निघून जाते. वर काहीच पोचत नाही, म्हणून काळं.

"आणि लाट?" सुमतीनं विचारलं. "घराएवढी लाट दिसणा नाय तुमच्या त्या मेल्याक?"

"दिसता. पण लाटेच्या पाठीर ह्यो शहारो असलो तरच. रानात वारो खयसून गेलो, ता गवतावरून कळता ना? तसा."

"आणि गवातच नसला तर?"

"मगे काळा," हर्षाली म्हणाली, आणि आईसाठी चहा सांगायला उठली.

किनारा-वेध केंद्र ही तशी साधीच जागा. दहा-बारा माणसं, चार भिंती आणि डोक्यावरून आळीपाळीनं जाणारे चौदा उपग्रह. दर बावीस मिनिटांनी एक जण येई, किनाऱ्यावर हाक मारी आणि पुढे जाई. आलेल्या उजेड-काळोखातून यंत्र वारा काढी, लाट काढी, आणि प्रत्येक होडीवरच्या हातभर डब्यात मालवणीत बोले: "थांब," नाहीतर "वाट मोकळी." लोक त्या डब्याला वाटाड्या म्हणत. आवाज बाईचा होता. हर्षालीचा धाकटा भाऊ गौरेश म्हणायचा, "माझा लगीन झाला कधीच. ही सांगता तसा वागतंय, उलट बोलणंय नाय. आणखी बायल कित्याक होयी?"

सुमती त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

कवडेबंदरला वाटाड्याची गरज इतरांपेक्षा जास्त. खाडीच्या तोंडावर वाळूचा आडवा दांडा आहे. भरतीला तो पाण्याखाली निवांत पडलेला असतो. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते, आणि दोघांची गाठ नेमकी त्या दांड्यावर पडते. तिथं लाट उभी राहते आणि फुटते. किनाऱ्यावरच्या माणसाला तिचा फेसाळ जबडा दिसतो. समुद्राकडून होडी हाकत येणाऱ्या तांडेलाला दिसते ती फक्त तिची पाठ, सपाट, गुळगुळीत, गाईच्या पाठीसारखी. घरी यायची घाई झालेल्या माणसाला त्या पाठीवर विश्वास ठेवावासा वाटतो.

म्हणून वाडीच्या बायका टाळू भरत.

तारल्यांचा मोसम सरला की बायका मासे मोठ्या टोपांत उकळत, वर आलेलं तेल मडक्यांत भरून ठेवत. दांडा फुटत असला आणि होड्या यायच्या असल्या की त्या खडपावर, काठच्या खडकांवर, उतरत, गुडघाभर पाण्यात उभ्या राहत आणि ओहोटीच्या ओढीत तेलाची धार सोडत. तान्ह्या बाळाची टाळू भरतात तशी.

*दर्या माझा तान्हा गं, त्याची टाळू खालीवर,*
*हात ठेविते तेलाचा, नीज बाळा घडीभर.*

यात खोटं काही नाही. चमचाभर तेल अर्धा एकर पाण्यावर पसरतं, इतकं पातळ की नजरेला दिसूही नये, आणि पाण्याचा शहारा मोडून टाकतं. वाऱ्याला धरायला खरबरीतपणा उरत नाही. वरचा फेस, वरचं उसळणं कमी होतं. पण टाळू भरली म्हणून खालची धडधड कुठं थांबते? बाळाची थांबत नाही आणि दर्याचीही.

हर्षाली केंद्रात लागली त्याच्या दुसऱ्याच वर्षी आईचा फोन आला.

"बंदरार कागद चिकटवलोहा. आमी म्हणे दर्यात इख ओततंव. पुना केलात तर होडये जप्त. तुझ्याच मशिनीन चाडी केल्यान."

खरंच होतं. यंत्राला तेलगळती ओळखायला शिकवलेलं होतं. जहाजांनी सोडलेलं काळं तेल पकडायचं त्याचं काम; त्यानं बायकांचं तेलही पकडलं आणि प्रामाणिकपणे वर कळवलं.

"आये, वायच दिस बंद ठेव."

"बंद? आणि होडये इले की काय ववाळूक आरती घेऊन उभी ऱ्हवू? तुझ्या मशिनीक सांग, हर्षालीच्या टाळूक जा तेल घातलंय ताच दर्याच्या घालतंय. हर्षाली मेली काय? हाडापेरान धड आसा, कचेरीत बसून आवशीर कागद चिकटवता!"

चार महिने बायका चोरून, अर्धं मडकं पदराखाली लपवून नेत राहिल्या. सुमतीचं वजन उतरलं. गौरेश समुद्रावर असताना ती जेवेनाशी झाली. शेवटी हर्षालीनं एका दुपारी एक नियम लिहिला. एकच ओळ होती: कवडेबंदर खाडीच्या मुखाशी, या चौकटीत, पातळ जैविक थर दिसल्यास तो तेल म्हणून नोंदवू नये.

केंद्रप्रमुख फर्नांडिस भला माणूस. त्यांनी ओळ वाचली. "एवढंच ना? बायकांचे शाप कोण घेणार. घाल." आणि सही केली.

तेल म्हणून नोंदवायचं नाही, तर मग काय म्हणून नोंदवायचं, हे कुणीच विचारलं नाही. यंत्राला तर प्रत्येक ठिपक्याला काहीतरी नाव द्यावंच लागतं. 'तेल' हे नाव त्याच्याकडून काढून घेतल्यावर काळ्या ठिपक्यासाठी त्याच्यापाशी एकच नाव उरलं. निवांत पाणी.

तीन वर्षं काही झालं नाही. वारा असायचा, तेलाच्या चट्ट्याभोवतीचं पाणी उजळ दिसायचं, आणि यंत्र आजूबाजूचं बघून "थांब" म्हणायचं. बायकांची भीती गेली. लपवायचं कारण उरलं नाही, तशी मडकी भरू लागली. दोनाची चार झाली, चाराची नऊ.

आश्विनातला एक दिवस. वारा नावापुरता. आठ-नऊ दिवसांपूर्वी आफ्रिकेच्या पार खाली, ज्याचं नाव इथं कुणी ऐकलेलं नाही अशा पाण्यात एक वादळ होऊन गेलं होतं. त्यानं पाठवलेली लांब, बसकी लाट हजारो कोस चालत त्या संध्याकाळी कोकणात पोचत होती.

साडेचारचं चित्र आलं. हर्षालीनं चहाचा पेला खाली ठेवला.

खाडीच्या तोंडाशी काळा डाग होता. त्याचे काठ बोटांसारखे पसरलेले. हा डाग तिनं शंभरदा पाहिला होता, ओळखीचाच होता. पण आज त्याच्या बाहेर, अर्ध्या उजेडातल्या समुद्रावर, फिकट रेघा होत्या. एकीमागे एक, समांतर, दोन-अडीचशे मीटरांच्या अंतरानं, नांगरलेल्या शेतासारख्या. त्या डागाकडे चालत येत होत्या आणि डागाच्या काठाशी येऊन संपत होत्या.

संपत नव्हत्या. तेलाखाली त्या चालतच होत्या, दांड्यावर उभ्या राहत होत्या, फुटत होत्या. फक्त त्यांच्या पाठीवर गवत नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात पाच हिरवे ठिपके. कवडेबंदरच्या पाच होड्या रांगेत. पुढची 'सातेरी प्रसाद', तांडेल गौरेश तारी, वर तीन खलाशी. दांड्यापासून पाऊण मैल. आज आजूबाजूलाही वारा नव्हता, डागाला यंत्र निवांत पाणी समजलं होतं. वाटाड्या म्हणत होता: वाट मोकळी.

"सर, थांबवा त्यांना!"

फर्नांडिस धावत आले. त्यांनी बघितलं आणि त्यांना कळलं. त्यांचे हात कळफलकावर गेले आणि तिथंच थांबले. माणसानं मधे पडून "थांब" म्हणायची सोय पूर्वी होती. पहाऱ्यावरची माणसं आपल्या वाडीच्या होड्या आधी आत घेतात, दुसऱ्यांच्या बाहेर ताटकळत ठेवतात, अशी भांडणं झाली आणि ती सोय काढून टाकली. आता यंत्राचंच ऐकायचं. सगळ्यांना तेच हवं होतं.

"तुझा तो नियम काढून टाक," ते म्हणाले.

"काढला. पण पुढचं चित्र आल्यावर लागू होणार. अठरा मिनिटं आहेत."

गौरेशला दहा मिनिटं लागणार होती.

तिनं त्याला फोन लावला. वाजत राहिला. दांडा जवळ आला की फोन उचलायचा नाही, सुकाणू दोन्ही हातांत धरायचं, हे त्याला बापानं शिकवलं होतं. बाप गेला, शिकवण उरली होती. तिनं पुन्हा लावला, मग आईला.

"आये!"

"बोल गो." मागे बायकांचं गाणं, पाण्याचा आवाज.

"तेल थांबव. होडयेंका मागे फिरव. लाट मोठी आसा, त्येंका दिसणा नाय!"

"माका दिसता गो. म्हणान तर ओततंव. नव मडकी—"

"आये, आयक माझा! वाटाड्यो चुकताहा. त्येंका सांग येव नको. हात कर!"

सुमतीनं कारण विचारलं नाही. फोनमधून तिची धाव ऐकू आली, धापा, खडपावर आपटणारी पावलं. "अगो, हात करा! सगळ्यांनी! पदर हलवा, पदर!"

खडपावर नऊ बायका उभ्या राहिल्या आणि नऊ पदर हलू लागले.

त्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या बायका किनाऱ्यावर उभ्या राहून पदर हलवत आल्या होत्या, आणि त्याचा अर्थ एकच होता: ये. "येऊ नको" म्हणायची खूण त्यांच्यापाशी नव्हतीच. आपल्या माणसाला घरापासून परत फिरवायची वेळ त्या किनाऱ्यावर कुणावर आली नव्हती, मग खूण कोण करणार?

"हलवतंव गो! सगळी जणां हलवतंव!" आईचा आवाज फाटला होता. "बघल्यान आमका. भोंगो वाजवल्यान. अगो, हात करता तो... अगो, येता, येता हा तो..."

पडद्यावर पुढचा हिरवा ठिपका काळ्या डागात शिरला.

हर्षाली फोन कानाला लावून उभी होती. तिला लाट ऐकू आली नाही. बायकांचा आवाज बंद झाला, तेवढं ऐकू आलं.

मागच्या चार होड्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्या वळल्या. 'सातेरी प्रसाद'वरचे तिघे खलाशी पोहत बाहेर आले. गौरेश दुसऱ्या दिवशीच्या भरतीबरोबर पलीकडच्या वाळूवर आला.

घरात सुमती भिंतीला पाठ लावून बसली होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एकच गोष्ट सांगत होती.

"तेल कमी पडला."

"असा बोला नको वयनी."

"नव मडकी होती. दहावा होया होता. घरात होता गो, माळ्यार. म्हटलंय, वायच शिमग्याक ऱ्हवांदे. ऱ्हवला! आता काय करू त्या तेलाचा?"

सावित्री कुबल तिच्या पायाशी बसलेली. तिचा मुलगा वाचलेल्या तिघांतला. "माझा मडक्या पुरा भरलेला होता वयनी," ती हळूच म्हणाली आणि मग हे का बोललो म्हणून रडू लागली.

हर्षाली दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याजवळ एक वाक्य होतं, ते बोललं असतं तर आईच्या डोक्यातलं ते दहावं मडकं फुटून गेलं असतं. कमी नाही पडलं, आये. त्यामागून दुसरं वाक्य यायचं होतं, ते पहिल्यापेक्षा भयंकर होतं. ती बोलली नाही. पहिला दिवस गेला, तिसरा गेला, तेरावा झाला.

चौकशीचा अहवाल दोन पानांचा निघाला. 'वर्गीकरणातील अपवादात्मक परिस्थिती' असं त्याचं नाव. फर्नांडिसांनी फोनवर सांगितलं, "तुझं नाव कुठंच नाही. सही माझी होती." मग म्हणाले, "बाई, तू रजा वाढव." हर्षालीचा नियम रद्द झाला होता. आता त्या चौकटीत काळा डाग दिसला की यंत्र त्याला 'अनोळखी पाणी' म्हणणार होतं, आणि अनोळखी पाण्यासाठी त्याचं उत्तर ठरलेलं होतं. थांब.

पंधराव्या दिवशी वाडीच्या होड्या पुन्हा समुद्रावर गेल्या. जाणं भागच होतं.

संध्याकाळी दांड्यावर जरा फेस होता, फार नाही. रोजचीच लाट. जुना कुणी तांडेल डोळे मिटून आत आला असता. पण बायका आता डोळे मिटायला तयार नव्हत्या. सगळी वाडी खडपावर उतरली. ज्यांनी कधी मडकं हातात धरलं नव्हतं त्या सुनाही आल्या. हर्षालीनं मडकी मोजायचं टाळलं.

होड्या आल्या आणि दांड्याबाहेर थांबल्या.

"कित्याक थांबले?" सावित्री म्हणाली. "लाट वाढली वाटता. ओता गो, ओता!"

बायकांनी आणखी तेल सोडलं. पाणी चकचकीत झालं, कल्हई लावल्यासारखं. होड्या हलल्या नाहीत. बाहेरून एकजण तोंडाशी हातांचा पन्हळ करून ओरडला, "थांब म्हणता हा! वाटाड्यो थांब म्हणता!" बायकांनी ते ऐकलं आणि पुढची मडकी उचलली.

हर्षालीला सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या ओततील तोवर यंत्र थांबवील, आणि यंत्र थांबवील तोवर त्या ओततील. बाहेर माणसं, आत माणसं, मधे नखाएवढंही जाड नसलेलं प्रेम. सूर्य खाली आला होता.

ती पाण्यात उतरली. दगडावर बसून धार सोडणाऱ्या आईशेजारी बसली.

"आये, होडये कित्याक थांबले, ठावक आसा?"

"लाट आसा म्हणान."

"लाट नाय. तेल आसा म्हणान."

सुमतीची धार चालू होती.

"त्या दिसाक कमी पडूक नाय, आये." तिला स्वतःचा आवाज परका वाटला. "वरसून तेल निवांत पाण्यासारख्या दिसला. म्हणान वाटाड्यान गौरेशाक ये म्हटल्यान. तेका आधी तेल वळखूक येय होता. वळखू नको, असा मी शिकवलंय. तुमका कागद येव नये म्हणान."

धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. म्हातारी मडक्यात बघत राहिली. तळाशी चार बोटं तेल हललं आणि स्थिर झालं.

ती म्हणाली, "कोणाक सांगलंस?"

"नाय."

"सांगू नको."

"आये—"

"सावित्रीक बघ." सुमतीनं हनुवटीनं दाखवलं. सावित्री कमरेइतक्या पाण्यात होती, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. "तिका वाटता, तिच्या मडक्यान तिचो झील वाचलो. वाटांदे. ह्या बायांच्या हातातसून ता काढलंस, तर त्यांनी होडये बाहेर गेल्यार हात खय ठेवचे?"



सुमती उठली. गुडघे कुरकुरले, लेकीचा हात तिनं धरला नाही. खडपावर चढून मडकं कोरड्या वाळूवर पालथं केलं आणि टाळू भरणीत सगळ्यांत वडील बाई शेवटी बोलते त्या आवाजात म्हणाली:

"बायांनो, पुरे. दर्या निजलो. निजल्यार बाळाक हात लावचो नसता."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दांड्यावर अजून फेस होता. पण सुमती वयनी म्हणते म्हणजे निजला. एकेकीनं मडकं उतरवलं. कुणीतरी उसासा टाकला.

तेल हटायला पाऊण तास लागला. आधी त्याला भोकं पडली, मग ते चिंध्यांसारखं फाटत ओहोटीबरोबर बाहेर निघालं, आणि जिथं पाणी उघडं पडलं तिथं वाऱ्यानं शहारा उठवला. कुठूनतरी वरून हाक आली असेल, आपटून परत गेली असेल. लांबवर एका होडीचं इंजिन धडधडलं. मग दुसरीचं. बायका कासोटे सावरत धक्क्याकडे पळाल्या.

त्या दोघी खडपावरच राहिल्या.

"आज ह्या बोललंय," सुमती म्हणाली. "परवा दांडो खराच फुटात. तेवा काय बोलू, ता तू सांग."

हर्षाली दांड्याकडे बघत बसली. पहिली होडी आत येत होती, तिच्यामागून लाटेची सपाट पाठ येत होती.

म्हातारीचा उजवा हात मनगटापर्यंत तेलानं माखला होता. तो पुसायला तिनं पदर घेतला, सोडला. पाण्याकडे नेला, तिथूनही मागे घेतला. मग तो तसाच, अंगापासून लांब धरून ती बसून राहिली.